फुग्यात मावेल तेवढंच

रविवार, १२ जानेवारी

चित्रकथा नक्की कुणाची असते, लिहिणाऱ्याची की चित्रं काढणाऱ्याची? आजच्या बैठकीत दोन तास यावरच भांडण झालं आणि मला उत्तर देता आलं नाही. ग्रुपची ॲडमिन मी, बी. ए. मराठी मी, तरी नाही आलं. इथे कबूल करून ठेवते.

दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बाराजण शिवाजी पेठेत तालमीच्या माडीवर जमतो. ग्रुपचं नाव 'गुंडूचे गडी'. पुण्याच्या नवलमोर प्रकाशनानं १९८६ ते ९४ या काळात 'उडता गुंडू' या चित्रकथेचे एकेचाळीस अंक काढले. गुंडू पोस्टमन आहे, त्याची सायकल उडते, आणि पत्रं वाटता वाटता तो चोर धरतो. लेखक मु. रा. खळदकर. पहिल्या तेवीस अंकांची चित्रं 'ज्ञानू' अशी सही करणाऱ्या चित्रकाराची, पुढची दुसऱ्याची. आमच्यातले बहुतेकजण अंक बंद पडल्यावर जन्मले. मला पहिला अंक रद्दीच्या दुकानात मिळाला, मुखपृष्ठ फाटलेला. आमच्या घरी निम्मं कानडी, निम्मं मराठी. वाचायला शाळेनं शिकवलं, पण मराठीत हसायला गुंडूनं शिकवलं.

सम्राट ज्ञानूच्या बाजूचा. तो तालमीच्या फुटबॉल संघात बॅकला खेळतो आणि भांडतोही तसाच. "चोविसाव्या अंकापासनं सायकलीच्या तारा मोजून बघ. ज्ञानू छत्तीस काढायचा. नंतरचा गडी बारा काढून मोकळा."

"तारा मोजाय वाचतोस व्हय रं?" विश्वजित म्हणाला. "गुंडू बोलतो कसा ते बघ की. 'टपाल हाय. सही कर, मग मार खा.' ही काय चित्रं हायत? खळदकर म्हणजे खळदकर."

आण्णा पेंटर खाली नंबरप्लेटा रंगवतात आणि चहाच्या वेळी वर येतात. सम्राटनं विचारलं, "आण्णा, तुम्ही सांगा. लेखक का चित्रकार?"

"चहा कुणी आणलाय ते सांग आधी." मग बशीत फुंकर मारत म्हणाले, "दोघं बी मोठी माणसं. फुगा कुणी बघत न्हाय."

फुगा म्हणजे चित्रातल्या माणसाच्या तोंडाजवळचा गोल, ज्यात बोलणं लिहिलेलं असतं. त्यात बघण्यासारखं काय असतं, मला कळलं नाही. आण्णांचं वाचन फारसं नसावं, पण आमच्यात बसायला त्यांना आवडतं. खाली उतरताना कुणीतरी त्यांच्या दारात मोटारसायकल लावली होती. आण्णा म्हणाले, "गाडी काढा पावणं, न्हायतर तिच्यावर तुमच्या सासऱ्याचा नंबर टाकीन." आम्ही जिन्यातच बसलो हसत. तीन वर्षं आमच्यात बसून त्यांनाही गुंडूची बोली लागली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. विश्वजित तिळगूळ घेऊन आला आणि सतरावा अंकही घेऊन आला. त्याच्याकडे हा अंक जादा आहे म्हणे. गेल्या महिन्यातही त्याच्याकडे जादाच होता आणि तो मलाच दिला होता. एकाच अंकाच्या इतक्या प्रती कशाला गोळा करतो कोण जाणे.

पण खरी गोष्ट ती नाही. नवलमोर पुन्हा सुरू होतंय. खळदकरांचा नातू आदर्श खळदकर यानं जाहीर केलंय की 'उडता गुंडू' नव्या रंगात, नव्या अक्षरात येणार, सगळे अंक. मी काम करते त्या फ्लेक्सच्या दुकानात बातमी वाचली तेव्हा मी एका नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'युवकांचे आशास्थान' टाकत होते. माउस सुटला आणि आशास्थान डोक्यावरून घसरून गॉगलवर गेलं.

आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली. जुन्या गोष्टी नव्यानं काढणारे त्यात हमखास हात घालतात. हल्लीच्या मुलांना कळावं म्हणून भाषा गुळगुळीत करतात. गुंडूच्या तोंडी ती भाषा आली तर मी तरी वाचणार नाही.

रविवार, १९ जानेवारी

निवेदन तयार केलं. चार दिवस तेच चाललंय. मागणी एकच: मूळ लेखक मु. रा. खळदकर यांच्या हस्तलिखितातला शब्द न् शब्द जसाच्या तसा छापावा, एका अक्षरालाही धक्का लागू नये. बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. इचलकरंजी, गडहिंग्लज, अगदी निपाणीपर्यंतचे वाचक मिळून तीनशे बारा सह्या झाल्या. लेखकाच्या शब्दासाठी तीनशे बारा माणसं उभी राहतात हे बघून मला भरून आलं.

आण्णांनी मात्र सही केली नाही. आधी म्हणाले, "हस्तलिखितातला? छापल्याला म्हणायचंय न्हवं तुला?"

"छापताना चुका होतात आण्णा. मूळ ते मूळ."

"शब्द न् शब्द?"

"शब्द न् शब्द."

"इचार कर पोरी." मी पेन पुढे केलं तर म्हणाले, "चष्मा न्हाय आणला." चष्मा कपाळावर होता. जुन्या माणसांना अर्जावर सही करायची भीती वाटते. आमचे अप्पाही तसेच.

शुक्रवार, २४ जानेवारी

आदर्श खळदकरांचा स्वतः फोन आला. मागणी मान्य. आजोबांची टंकलिखित संहिता घरात जपून ठेवलेली आहे, तिच्यावरूनच सगळे फुगे नव्यानं भरणार. "तुमचं निवेदन वाचलं नसतं तर आम्ही छापील अंकच जसेच्या तसे स्कॅन करणार होतो," असं म्हणाले. म्हणजे मी अगदी वेळेवर लिहिलं.

आणि पुढे म्हणाले की पहिल्या संग्रहाची प्रस्तावना मी लिहावी. वाचकाची प्रस्तावना. विषय: खळदकरांची भाषा. ती आवडली तर एप्रिलपासून सहसंपादक म्हणून काम, घरून करता येईल असं.

सहसंपादक. मी हा शब्द दोनदा कागदावर लिहून बघितला.

अव्वानं, म्हणजे आईनं, देवापुढे दिवा लावला. अप्पा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत साचे भरतात, आज दुसरी पाळी होती. जाताना वाटेत पेढे घेतले आणि पूर्ण पाळीला वाटले. मी म्हटलं होतं, अजून पक्कं नाही. "तू लिवणार हाईस न्हवं? मग पक्कंच की," असं म्हणून गेले. आमच्या घरात कॉलेज मी एकटीच शिकले. त्यामुळे मी काय करते ते कुणाला नीट समजत नाही, पण विश्वास सगळ्यांचा आहे. त्याचं कधीकधी ओझं वाटतं.

रविवार, २ फेब्रुवारी

पहिल्या अंकाची प्रूफं आली. बैठकीत लॅपटॉपवर उघडली. रंग सुंदर आहेत. सायकलीच्या तारा छत्तीस भरल्या, सम्राट खूश.

मग विश्वजितनं सातवं पान मोठं केलं. तस्कर शंकऱ्या गोदामात उभा आहे, गुंडू छपरातून सायकलसकट उतरतो. सगळ्यांनी एका सुरात 'टपाल हाय' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. फुग्यात मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं:

"महाशय, आपल्या नावे पत्र आले आहे. प्रथम स्वाक्षरी करावी, त्यानंतर आपला समाचार घेण्यात येईल."

मग सम्राट म्हणाला, "ह्यो पोस्टमन हाय का तहसीलदार?"

पुढे बघितलं तर सगळीकडे तेच. गुंडूची आई "बाळा, अल्पोपाहार करून जा" म्हणते. जुन्या अंकात ती म्हणायची, "खाऊन मर, पण खाऊन जा."

मला इतका संताप आला की तिथंच उभ्या उभ्या मी ग्रुपवर आणि नवलमोरच्या फेसबुक पानावर लिहिलं: नातवानं आजोबांचा शब्द बदलला, हा लेखकाचा अपमान आहे. खाली तीनशे बारा वाचकांच्या वतीनं म्हणून माझं नाव.

विश्वजित म्हणत होता, आधी फोन करून इचार. मी ऐकलं नाही. आण्णा आज चहाला वर आलेच नाहीत.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज काय झालं ते लिहायलाही लाज वाटते, म्हणून पटकन लिहून टाकते.

आदर्शनी उत्तरादाखल संहितेचे फोटो टाकले. पिवळा कागद, टंकलिखित, खाली मु. रा. खळदकर यांची सही, सन १९८६. त्यावर स्वच्छ: "महाशय, आपल्या नावे पत्र आले आहे." एक शब्दही बदललेला नाही. शब्द न् शब्द, जसाच्या तसा. मी मागितलं होतं तेच मला मिळालं.

मी जाहीर माफी मागितली. त्यांनीही मोठेपणानं घेतलं आणि एकेचाळीस अंकांच्या संहितेची अख्खी फाइल मला पाठवली, म्हणजे पुन्हा शंका नको. ग्रुपवर लोक हसतायत. सम्राटनं मला "महाशया, अल्पोपाहार झाला का?" असा निरोप पाठवला.

पण मग आम्ही ज्यावर जीव टाकला ते कुणी लिहिलं?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत प्रूफाचं ते पान छापून आण्णांकडे नेलं. अक्षरांची त्यांना जाण आहे, निदान अक्षर इतकं बारीक का ते तरी सांगतील असं वाटलं. ते एका ट्रॅक्टरची नंबरप्लेट रंगवत होते. मी पान पालथं धरूनच म्हटलं, "पुण्याहून प्रूफ आलंय आण्णा. गोदामाचं पान. काय वाचावं कळत नाही."

ब्रश न थांबवता म्हणाले, "काय लिवलंय? महाशय, आपल्या नावे पत्र आले आहे, प्रथम स्वाक्षरी करावी, त्यानंतर आपला समाचार घेण्यात येईल. तेच न्हवं?"

मी म्हटलं, "हो, तेच." आणि मला वाटलं, विश्वजितनं मोबाइलवर पाठवलं असेल. मग लक्षात आलं, आण्णांच्या मोबाइलला बटणं आहेत.

"आण्णा, तुम्हाला कसं माहीत?"

"चाळीस वरसं झाली, तरी ते वाक्य डोक्यात बसलंय. जीव खाल्ला हुता त्यानं."

मग ब्रश पाण्यात ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. अंक पुण्याचा असला तरी छपाई कोल्हापुरात व्हायची. ज्ञानूची पानं आणि खळदकरांची संहिता एसटीच्या पार्सलनं संध्याकाळी यायची. फुगे रिकामे असायचे. त्यात हातानं अक्षरं घालायचं काम आण्णांचं, आणि सकाळी मशीन लागायचं.

"त्यो ज्ञानू सायकल काढायचा जीव लावून. सगळी जागा सायकलीलाच. फुगा ठेवायचा एवढा, लिंबाएवढा. आन् पुण्यासनं वाक्य यायचं रेल्वेएवढं. आता मी काय करू? बसंना म्हणून कापलं. महाशय काढला, पत्र काढलं. तरी बसंना. मग म्हटलं, आपला पोस्टमन काय म्हणंल? ते लिवलं. बसलं."

"कुणाला विचारलं नाही?"

"इचाराय टायम कुणाला हुता? छापून आलं, बाजारात गेलं, कुणी काय म्हटलं न्हाय. म्हटलं, फुगा कुणी बघतच न्हाय."

सहाव्या अंकाच्या वेळी खळदकर स्वतः प्रेसवर आले होते. पान हातात घेऊन विचारलं, "महाशय कुठे गेले?" आण्णा म्हणाले, "सायेब, मावले न्हाईत." खळदकर बराच वेळ पान बघत उभे राहिले, चहा न घेता गेले. आण्णांना वाटलं, काम सुटलं. पण पुढच्या अंकाचं पार्सल आलं.

"एवढे दिवस आमच्यात बसता, आम्ही खळदकर खळदकर करतो, आणि तुम्ही गप्प?"

"चोरी हाय की ती पोरी. दुसऱ्याच्या वाक्याला कात्री लावली मी. आन् तुम्ही मजेत भांडत हुता, मधी कशाला पडा?"

त्यांनी सही का केली नाही, तेही आत्ता कळलं. मी तीनशे बारा सह्या गोळा करून त्यांचाच शब्द पुसायला निघाले होते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दोन दिवस दुकान सुटल्यावर संहितेची फाइल वाचतेय. पहिल्या सहा अंकांत सगळी वाक्यं पूर्ण टंकलेली आहेत. सातव्यापासून आखूड होत गेलीत. बाराव्या अंकात तर एका ठिकाणी "गुंडू (चिडून)" असं टंकून पुढे कोरी जागा आहे, आणि समासात पेन्सिलीनं, सहीतल्याच वळणाच्या अक्षरात: "कोल्हापूरकर भरतील." पुढच्या अंकांतही तेच. एकोणतिसाव्या अंकात अख्खं पान कोरं आणि एकच ओळ: "इथे आईचे बोलणे. माझ्यापेक्षा त्यांना ठाऊक."

मी आदर्शना फोन केला. ते म्हणाले, "कोल्हापूरकर म्हणजे प्रेसवाले असतील. काही तपशील भरायचे असतील." मी आण्णांबद्दल सगळं सांगितलं. ते सावकाश म्हणाले, "शिवलीला, माझ्या आजोबांची आठवण लोकांना आहे ती या संवादांमुळे. तेच त्यांचे नाहीत म्हटलं तर माझ्याकडे काय उरतं?" माणूस वाईट नाही. मला त्यांचं वाईटच वाटलं.

फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी निर्णय सांगितला. लोकांना जुने संवाद हवेत, तर जुनेच छापू, स्कॅन करून. पण नावं करारानुसार दोनच, लेखक आणि चित्रकार. पेंटरांचं नाव शेवटच्या पानावर आभारांच्या यादीत, कागदवाल्याच्या आणि बाइंडरच्या शेजारी. प्रस्तावना ठरल्याप्रमाणे, खळदकरांच्या भाषेवर. "सहसंपादकाला एवढं समजून घ्यावं लागतं," असं म्हणाले.

मी विचार करून सांगते म्हटलं. खरं तर मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण 'सहसंपादक' हा शब्द पुन्हा ऐकला आणि जीभ अडली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आण्णांना विचारायला गेले. आभारांत नाव चालेल का?

"चालंल की."

आणि मुखपृष्ठावर आलं तर? संवाद: आण्णा पेंटर, असं?

त्यांनी चष्मा पुसला. "मला इचारू नको पोरी. इचारलंस तर मी न्हाय म्हणणार."

"मग काय करू?"

"तुझं तू लिव. मी वाचतो. अक्षर मोठं ठेव."

मी चार पानांची प्रस्तावना लिहून नेली. त्यात साहित्य आणि समाज यांच्या नात्यावर एक परिच्छेद होता, मला आवडलेला. आण्णांनी लाल पेन्सिल घेतली आणि तासभरात चार पानांचं एक केलं. साहित्य आणि समाज पहिल्यालाच गेले. "हे काय हाय? सत्कारातलं भाषण?" मी जिथे 'अलौकिक प्रतिभा' लिहिलं होतं तिथं त्यांनी काट मारून लिहिलं, 'फुगा लहान होता.' खळदकरांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळी वाचताना ते थांबले. या त्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या. संहितेची पानं प्रेसचा मालक वाचून दाखवायचा आणि लगेच परत पाठवायचा, कोऱ्या जागी "इथं घाला कायतरी" एवढंच म्हणायचा. "माझ्यापेक्षा त्यांना ठाऊक," ही ओळ त्यांनी दोनदा बोट फिरवून वाचली. मग म्हणाले, डोळ्यात टर्पेंटाइन गेलं. टर्पेंटाइनचा डबा बंद होता, पण वास राहतोच.

एक गंमत. सगळ्या पानभर त्यांनी रेघा मारल्या, फक्त 'संवाद: आण्णा पेंटर, शिवाजी पेठ' या ओळीला पेन्सिल लावली नाही. नजरेतून सुटली असणार.

एक पान झाल्यावर प्रस्तावना चांगली वाटते. मला इतकं चांगलं लिहिता येत नाही.

घरी सोडायला विश्वजित आला होता. वाटेत म्हणाला, "नोकरी गेली तर?" मी म्हटलं, फ्लेक्सचं दुकान आहेच. तो म्हणाला, "न्हाय, म्हंजे मी हाय की." मदतीला खूप तत्पर मुलगा आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी अप्पांना सांगितलं. ते पहिल्या पाळीला निघाले होते, डबा हातात. मी म्हटलं, "अप्पा, ती पुण्याची नोकरी बहुतेक मिळणार नाही. मी त्यांना न आवडणारं लिहिलंय."

"खोटं लिवलंस काय?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही पेढे वाटले होते ना सगळ्यांना."

अप्पा चपला घालत म्हणाले, "पेढे खाऊन पंधरा दिवस झाले की. आता काय लोकांच्या पोटातनं परत मागायचे?" अव्वा आतून कानडीत काहीतरी म्हणाली. अप्पा हसले आणि मला म्हणाले, "ती म्हणतीया, तुझ्या तोंडाकडं बघून कालच कळलं हुतं."

दुकानात एका मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो कापायचा होता, तो आधी संपवला. मग नवलमोरला ईमेल लिहिला. पहिल्या ओळीत निवेदन मागे घेतलं: तीनशे बारा सह्या मी गोळा केल्या, मागणी माझी होती, ती चुकीची होती, दोष वाचकांचा नाही. प्रस्तावना जोडली. कोल्हापूरकर भरतील असं ज्या ज्या पानावर आहे त्यांची यादी जोडली. आदर्शना एवढंच लिहिलं की आजोबांकडे काय उरतं याचं उत्तर त्यांच्याच पेन्सिलीत आहे. स्वतःपेक्षा दुसऱ्याला जास्त ठाऊक आहे हे ओळखून पान कोरं सोडणारा लेखक मी दुसरा वाचलेला नाही. मुखपृष्ठावर तीन नावं घ्या, एका मापात. आण्णांचं काढायचं असेल तर प्रस्तावना आणि खालचं माझं नाव, दोन्ही काढा. मग मी सहसंपादकही नाही.

सव्वातीनला पाठवला.